कुठले काका?

१४ जुलै

प्रिय अक्का,

परवा सकाळी मी व्हॅन उलटी फिरवली. रिव्हर्समध्ये नव्हे, घाबरू नकोस. रोज जी मुलं शेवटी घेतो ती आधी घेतली आणि जी आधी घेतो ती शेवटी. तेवढ्यानं असा गोंधळ उडाला, की जणू मी सूर्यच पश्चिमेकडून उगवायला लावला. एका घरी पोरगा अंगाला साबण लावून उभा. दुसऱ्या घरची आई म्हणाली, "काका, घड्याळ घाला की हातात." तिसऱ्या घरचे आजोबा फाटकातच आडवे आले, "काय हो, शाळा भरायच्या आधीच सुटली का?" मी सगळ्यांचं ऐकून घेतलं.

पत्रात आधी खुशाली लिहावी असं आपल्या गावच्या शाळेत गुरुजी सांगायचे. तेव्हा लिहितो, की आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या भावजयीचा गुडघा तिच्या स्वभावासारखाच आहे, वाकत नाही. आता व्हॅन उलटी का फिरवली ते.

शहराच्या कडेला एक जुनं गोदाम आहे. सीमेपलीकडून जीव घेऊन पळून आलेल्या लोकांना तिथे ठेवलंय. पत्र्याचे आडोसे घालून खोल्या केल्यात. तिथली दोन भावंडं माझ्या व्हॅनमधून शाळेत येतात. मुलगी आठ-नऊ वर्षांची असेल. भाऊ बालवर्गातला. त्याच्या शर्टाला एकच बटण उरलंय आणि ते तो दिवसभर मुठीत धरून असतो, म्हणून व्हॅनमधली पोरं त्याला बटण म्हणतात. मुलीला म्हणतात शेवटची. आपल्या भाषेतलं तिचं पहिलं वाक्यच ते होतं. शाळा सुटल्यावर मी गोदामापाशी थांबलो तर ती उतरेना. माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरून म्हणाली, "काका, मी शेवटची." बाकीच्या पोरांचं ऐकून ऐकून तेवढे शब्द तिनं जोडले होते.

तेव्हापासून सगळ्यांना सोडून झालं की तिला सोडतो. तोवर ती खिडकीला डोकं टेकून झोपते. खड्ड्यात चाक जातं, डोकं काचेवर आपटतं, तरी जाग येत नाही. मूल असं झोपत नाही अक्का. दोन पाळ्या केलेला कामगार असा झोपतो.

परवा चाकात हवा भरायला लवकर निघालो, तर दोघं गोदामाच्या फाटकाबाहेरच्या कठड्यावर बसलेली. बटण तिच्या मांडीवर. तिच्या बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली, आणि भेगांमध्ये भांडी घासायची पावडर. त्याच्या घोट्यावर दोरीचा वळ. दोघांना आत घेतलं आणि सगळी फेरी उलटी केली, म्हणजे शाळा येईपर्यंत त्यांना झोप मिळावी.

ती दोघं एका माणसाकडे राहतात. हॉटेलांची भांडी घासून द्यायचा ठेका घेतो तो. गोदामात त्याला मुकादम म्हणतात. ही पोरगी शाळेतून आली की त्याच्या भांड्यांना बसते आणि तिची भांडी होईपर्यंत धाकट्याला नळाच्या खांबाला बांधून ठेवतात, कुठे जाऊ नये म्हणून. हे मला तिथल्या पहारेकऱ्यानं सांगितलं, वासराबद्दल सांगावं तसं.

मुलांच्या मदतीसाठी फोन असतो, तो लावला. "आपण स्वतः मूल असाल तर एक दाबा." मी पन्नाशीला टेकलेला माणूस, दोन दाबला. "आपलं मूल हरवलं असेल तर एक, सापडलं असेल तर दोन." माझं हरवलंही नाही आणि सापडलंही नाही. तीन दाबला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू. मग नुसतंच "आपण रांगेत आहात." संध्याकाळी देवासमोर बसलो तेव्हा मनात आलं, हा निदान असं सांगत तरी नाही. मग वाटलं, सांगत असेल, आपल्याला ऐकू येत नसेल.

तुझी उभी हयात बालकल्याण खात्यात गेली. आता मी काय करू ते लिही. फोन करत नाही, कारण तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानं लावतेस.

तुझा
घुम्या

*

२० जुलै

चि. घुम्या,

कान गेलेत, डोळे शाबूत आहेत. त्यामुळे तू न लिहिलेलंही वाचता आलं. लेक नोकरीसाठी लांब गेला, घर ओकंबोकं झालं, आणि आता व्हॅनमध्ये दोन पोरं झोपलेली दिसतात. त्यांना घरी आणायचा विचार डोक्यात असेल तर आत्ताच काढून टाक. आंब्याची बाठ नाही ती, परसात रुजवायला.

माझे मामा, म्हणजे तुझे तीर्थरूप, म्हणायचे की घुम्याला बैल हरवला तरी तो आधी बैलाच्या मनात काय असेल याचा विचार करत बसतो. इथे विचार पुरे. ऊठ आणि कार्यालयात जा. फोन करू नकोस, फोनवर माणूस नसतो.

तिथे गेल्यावर "वाईट वाटतं" असं म्हणू नकोस. वाईट सगळ्यांनाच वाटतं, त्यावर कुणी उठून येत नाही. डोळ्यांनी काय पाहिलंस तेवढंच सांग. बोटं सांग, घोटा सांग, झोप सांग. पहारेकऱ्याचं बोलणं वेगळं सांग आणि ते पहारेकऱ्याचं आहे असंही सांग.

दुसरं, आणि हे कोरून ठेव. मुलाला विचारायचं ते ज्याच्याकडे ते राहतं त्याच्या गैरहजेरीत, आणि मुलाच्या स्वतःच्या भाषेत. दुभाषी मागून घे. नाही म्हणतील. तरी माग. मी बत्तीस वर्षं मागत होते. मिळायचा तेव्हा मूल वेगळंच बोलायचं.

भावजयीला सांग, गुडघा शेकायचा असतो, मिरवायचा नसतो.

अक्का

*

५ ऑगस्ट

प्रिय अक्का,

गेलो. किती वेळा गेलो ते विचारू नकोस. आता तिथला शिपाई मला बघून न विचारता पंखा लावतो.

पहिल्या टेबलावर सांगितलं, "मूल आहे हे खरं, पण निर्वासित आहे ना? मग निर्वासितांच्या खात्यात जा." ते खातं शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथे म्हणाले, "निर्वासित आहे हे खरं, पण मूल आहे ना? मग बालकल्याणला जा." मी म्हटलं, साहेब, पोरगी एकच आहे, अर्धी इकडे आणि अर्धी तिकडे आणू का? त्यांना ते विनोदी वाटलं. हसले, पण जागचे हलले नाहीत.

बोटं सांगितली, घोटा सांगितला, झोप सांगितली. झोपेवर एक जण म्हणाले, "आमचा पण व्हॅनमध्ये झोपतो हो."

शेवटी बालकल्याणचे एक साहेब गोदामात जायला तयार झाले. माणूस वाईट नाही, दमलेला आहे. मी दुभाषी मागितला. म्हणाले, "पोरगी तुमच्या व्हॅनमध्ये बोलते ना? मग आपली भाषा येतेच की तिला." मला बाहेर थांबायला सांगितलं. पत्र्याला फट होती, त्यामुळे दिसलं. मुकादम अंघोळ करून, भांग पाडून उभा. साहेबांसाठी कुठून तरी खुर्ची आणलेली. मुलगी त्याच्या शेजारी आणि त्याचा हात तिच्या डोक्यावर, इतका हलका ठेवलेला, की लांबून माया वाटावी.

साहेबांनी विचारलं, "बाळ, हे तुझे कोण?"

ती म्हणाली, "काका."

झालं. साहेब बाहेर येऊन मला म्हणाले, "अहो, सख्खा काका आहे. पोरगी स्वतःच्या तोंडानं म्हणाली. गरीब लोक आहेत, पोरं हाताखाली थोडं काम करतातच. तुम्ही नाही का लहानपणी शेतात गेलात?" गेलो होतो. पण संध्याकाळी आई हाक मारायची आणि आम्ही घरी यायचो. एवढं सांगेपर्यंत ते गाडीत बसले होते.

मुकादम मला फाटकापर्यंत सोडायला आला. "फार काळजी हो तुम्हाला आमच्या पोरांची," म्हणाला. हसला. दात चांगले आहेत त्याचे.

दुसऱ्या दिवसापासून ती व्हॅनमध्ये बोलत नाही. "मी शेवटची" म्हणत नाही. मी तिच्याशी बोलायला गेलो तर आधी बटणाकडे बघते. आणि अक्का, मला खरंच कळेनासं झालंय. तो सख्खा काका असेल आणि मीच उगाच लोकांच्या घरात नाक खुपसत असेन, तर?

घुम्या

*

११ ऑगस्ट

घुम्या,

तुझं पत्र वाचून मी चष्मा आपटला. फुटला नाही, पण त्यानं माझा राग काही कमी झाला नाही.

काका म्हणाली म्हणून सख्खा काका? मला एक सांग, तुझ्या व्हॅनमधली पोरं तुला काय म्हणतात? दूधवाला कोण असतो? रिक्षावाला कोण? शाळेचा शिपाई कोण? आपल्याकडे ज्याला मिशी फुटली तो जगाचा काका. त्या पोरीनं आपली भाषा शिकली कुठे, तर तुझ्या व्हॅनमध्ये. तिथे तिला मोठ्या पुरुषासाठी एकच शब्द मिळाला. त्या साहेबाला तिच्या भाषेत काकाला काय म्हणतात ते तरी ठाऊक होतं का? आमच्या खात्यात असा कर्मचारी माझ्या हाताखाली असता तर त्याला मी महिनाभर नुसतं पाणी भरायला लावलं असतं.

आणि त्यांनी तक्रार नोंदवलेलीच नाही. नुसती "भेट" दिली. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. भेट म्हणजे आले, चहा प्याले, गेले. तक्रार उघडी असली तर मुलाला शहराबाहेर नेता येत नाही, आणि महिला अधिकाऱ्यानं दुभाषी घेऊन, मूल बाजूला घेऊन विचारावंच लागतं, त्यातून सुटका नाही. तक्रार बंद झाली की सगळ्यांची सुटका, मुलाची सोडून. तेव्हा पुन्हा जा आणि तक्रार नोंदवा म्हण. तिच्या वर्गाच्या बाईंनाही सांग, त्यांचा शब्द तुझ्यापेक्षा जड पडेल.

आता तुझ्याबद्दल. तिला स्वतः काही विचारू नकोस. खाऊ देऊ नकोस. आणि शेवटी सोडणं आजपासून बंद. तू पुरुष माणूस, बंद गाडी, सगळी पोरं उतरल्यावर मागे एक मुलगी. मी त्या खुर्चीवर असते तर मुकादमाच्या आधी तुलाच विचारलं असतं. राग येऊ दे. आला तरी ऐक.

अक्का

*

२१ ऑगस्ट

अक्का,

तुझ्या जिभेवर काळा तीळ आहे असं आत्या म्हणायची ते खोटं नाही.

तक्रार नोंदवायला गेलो होतो. म्हणाले, याच मुलांची भेट झालेली आहे, सख्खा काका आहे, नवीन काही असेल तर या. वर्गाच्या बाईंनाही सांगितलं. तरुण आहेत, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. लक्ष ठेवते म्हणाल्या. ठेवलं त्यांनी.

सोमवारी मुलीची बाही वर सरकली. दंडावर काळंनिळं होतं. बाईंनी तिला जवळ घेतलं, दार लावलं, विचारलं, "कुणी मारलं?"

ती म्हणाली, "काका."

"कुठले काका?"

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पटांगणात माझी व्हॅन उभी होती आणि मी फडक्यानं काच पुसत होतो.

ती व्हॅनकडे बघत होती का नुसतीच बाहेर बघत होती, देव जाणे. मी मुलीवर ठेवायला सांगितलेलं लक्ष बाईंनी माझ्यावरच लावलं. त्यांचा दोष नाही. त्यांनी विचारलं, "काका व्हॅनमध्ये काय करतात?" तर म्हणाली, "मी शेवटची." बस. जेवढे शब्द तिला येत होते तेवढे सगळे तिनं माझ्याविरुद्ध वापरले, बिचारीला ठाऊकही नसताना.

आणि तुझ्यापासून एक लपवलं. तुझं पत्र आल्यावरही मी तिला शेवटीच सोडत होतो. व्हॅनमध्ये तिला मिळणारी तेवढीच तर झोप.

शाळेच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तक्रार दिली. या वेळी कार्यालयानं ती तासाभरात नोंदवून घेतली. मी महिनाभर चपला झिजवत होतो तिथेच, त्याच टेबलावर. व्हॅन बंद आहे, अंगणात उभी आहे. ज्या आईनं मला घड्याळ घालायला सांगितलं होतं ती बाजारात दिसली. मुलाचा हात धरून रस्ता ओलांडून पलीकडे गेली. आजोबा तर पारावर सांगत होते म्हणे, "तरीच. त्या दिवशी उलटी फेरी का मारली होती ते आता कळलं."

तुझी भावजय बोलत नाही. म्हणजे माझ्याशी बोलते, लोकांशी नाही. दोन्ही वेळा देवासमोर बसतो, पण नाव घेताना जीभ अडखळते. त्याचंही काम त्या कार्यालयासारखंच चालतं की काय असं मनात येतं, आणि मग मनात आल्याची लाज वाटते.

तू म्हणाली होतीस, आधी मलाच विचारलं असतंस. आता विचार.

घुम्या

*

२५ ऑगस्ट

माझ्या घुम्या,

विचारत नाही. तू सात वर्षांचा होतास तेव्हा विहिरीत पडलेलं मांजराचं पिल्लू काढताना बादलीसकट पडला होतास, तेव्हापासून तुला ओळखते. मी लिहिलं ते खात्यातल्या बाईनं लिहिलं. हे तुझी बहीण लिहिते आहे.

माझ्या हाताखाली शिकलेली एक जण आता तिथे वरच्या जागेवर आहे. शेजारच्या मुलीला फोनवर बसवून तिच्याशी बोलून घेतलं. मोठ्या बाईंचंही मन खातंय. बारा वर्षं ज्याच्या गाडीत सगळी शाळा बसली तो असा नाही हे त्यांना कळतं. त्या गैरसमज झाला असं लिहून देतील, साहेब कागद बंद करतील, तू व्हॅन काढ. कुणी बोललं तर ऐकून घे. लोकांच्या तोंडाला झाकण नसतं, पण चारचौघांना दुसरा विषय लवकर मिळतो.

पोरांचं म्हणशील तर, मी बत्तीस वर्षांत सगळ्यांना वाचवू शकले नाही. ज्यांना नाही वाचवलं ती अजून डोळ्यांसमोर येतात. त्यांच्यात दोन वाढतील. पण त्यांच्यासोबत तू नकोस. बोलावतील तेव्हा जा, सही कर, गप्प घरी ये. घुम्या आहेस, घुम्यासारखा राहा. एकदा तरी माझं ऐक.

अक्का

*

४ सप्टेंबर

प्रिय अक्का,

तुझा जीव आधी भांड्यात पाडतो, मग बाकीचं सांगतो.

दोन्ही मुलं मुलांच्या निवासात आहेत. एकाच खोलीत, शेजारशेजारच्या खाटांवर. मुकादमाला त्यांच्याजवळ जायची बंदी आहे. मलाही आहे. कायद्याला सध्या दोन्ही काका सारखे.

महिला अधिकारी आल्या होत्या, सोबत मुलीच्या भाषेतली दुभाषी बाई. वर्गाच्या बाई दाराशी होत्या, त्यांनी मला येऊन सांगितलं. आमच्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहून सांगत होत्या, आत यायला धजत नव्हत्या. तुझ्या भावजयीनं बराच वेळ चहा विचारला नाही. मग विचारला.

दुभाषी बाईंनी पहिलंच विचारलं, "काका म्हणजे कोण?"

मुलगी म्हणाली, "जो नेतो तो."

एक काका शाळेत नेतो, एक काका भांड्यांना नेतो. एवढाच त्या शब्दाचा अर्थ तिच्या लेखी, अक्का. नात्याचा काही संबंधच नाही. सीमेवरच्या गर्दीत बापाचा हात सुटला आणि या माणसानं दोघांना आपल्या ट्रकमध्ये चढवलं, तेवढीच त्याची ओळख. "मी यांची नाही असं म्हणालीस तर तुझ्या भावाला वेगळ्या गाडीत घालतील," असं त्यानं तिला बजावलं होतं. म्हणून आम्ही काहीही विचारलं की ती आधी बटणाकडे बघायची. दंडावरचं कुणाचं, तेही तिनं सांगितलं. तिच्या भाषेत भांडीवाल्याला वेगळा शब्द आहे.

सगळं बोलून झाल्यावर तिनं एकच विचारलं म्हणे, की नव्या ठिकाणी नेणारे काका कोण. गाडी बाई चालवणार आहे म्हटल्यावर बराच वेळ विचार केला आणि मग बसली. भावाला आधी बसवलं, आपण शेवटी.

माझ्यावरची चौकशी अजून उघडीच आहे. बंद करू नका म्हणत होतो तेव्हा साहेब बंद करायला निघाले होते. आता बंद करायला हरकत नाही, तर साहेब रजेवर. शिपाई पंखा लावतो आणि म्हणतो, "सोमवारी या." व्हॅन अंगणात आहे. एका मांजरीनं तिच्याखाली पिल्लं घातलीत, त्यामुळे तशीही हलवता आली नसती.

आता मधलं. तुझं ऐकलं नाही ते.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी पहारेकरी घरी आला. म्हणाला, मुकादमानं दुसऱ्या शहरात मोठा ठेका घेतलाय, पोरांना घेऊन जाणार, इथे शाळेची कटकट फार झाली. फक्त कार्यालयाची ती तक्रार मिटायची वाट बघतोय, कारण तोवर पोरांना हलवू नका असं त्याला सांगून ठेवलंय.

तो गेल्यावर तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि आधीचंही काढलं. तक्रार उघडी असली तर मुलाला शहराबाहेर नेता येत नाही, दुभाषी घेऊन विचारावंच लागतं. तूच लिहिलं होतंस. मुकादमाविरुद्धची तक्रार त्यांनी घेतलीच नव्हती. त्या पोरीच्या नावानं जगात एकच दार उघडं होतं, आणि ते माझ्याविरुद्धचं होतं. तू प्रेमानं ते लावून घ्यायला सांगत होतीस.

देवाला विचारलं. त्यानं नेहमीप्रमाणे माझ्यावरच सोडलं. पण या वेळी नाव घेताना जीभ अडखळली नाही, एवढं खरं.

तुझ्या भावजयीला सांगितलं. बटाटे सोलत होती. सुरी न थांबवता म्हणाली, "किती दिवस लोक बोलतील?" मी म्हटलं, ठाऊक नाही. म्हणाली, "जा तुम्ही. लोकांना मी तोंड देते. माझा गुडघा वाकत नाही तसं तोंडही मिटत नाही."

कार्यालयात मोठ्या बाई आधीच येऊन बसल्या होत्या. साहेबांनी कागद पुढे केला. "मोठ्या बाई गैरसमज झाला म्हणून लिहून देतायत. तुम्ही इथे सही करा, उद्यापासून व्हॅन काढा. वरून पण फोन आलाय तुमच्यासाठी."

मी विचारलं, "मुलीला विचारलं का?"

"आता कशाला? तुम्ही सुटलात ना."

"मी सुटलो की ती कुठे जाणार?"

"कुठे म्हणजे? तिच्या काकांकडे."

मोठ्या बाईंनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मी म्हटलं, "बाई, तुम्ही तक्रार मागे घेऊ नका. पोरगी काकांनी मारलं म्हणाली आहे. कुठल्या काकांनी ते तिच्या भाषेत विचारल्याशिवाय तुम्हाला तरी काय ठाऊक? मी मारलं नाही असं मी सांगतो, पण मुकादमही तेच सांगतो."

साहेब वैतागले. "अहो, मला इतकी वर्षं झाली इथे. लोक तक्रार मिटवायला हातापाया पडतात. तुमच्यावरची तक्रार तुम्हालाच चालू हवी? उद्या पेपरात आलं तर? व्हॅनचा परवाना जाईल. तुम्हाला कळतंय का?"

कळत होतं. बारा वर्षांची माझी फेरी डोळ्यांसमोर होती, कुठलं पोरगं कुठे अंगाला साबण लावून उभं असतं इथपर्यंत. पण त्या फेरीत एक मुलगी काचेवर डोकं आपटलं तरी जागी होत नव्हती, आणि बाकी सगळं तिच्यामागे दिसत होतं.

मोठ्या बाईंनी आपला कागद घडी करून पिशवीत ठेवला. "मी मागे घेत नाही," म्हणाल्या.

साहेबांनी कपाळावर हात मारला. मग टोपण काढलं, दुसरा कागद ओढला. "ठीक आहे. चौकशी चालू ठेवायला हरकत नाही असं तुम्ही लिहून देता. तक्रार काका या व्यक्तीविरुद्ध आहे. तुम्ही मुलीचे कोण?"

मी व्हॅनची किल्ली खिशातून काढून टेबलावर ठेवली.

"काका," म्हणालो, आणि सही केली.

तुझा
घुम्या